नव्या घरी नेट: भोक कुठे पाडायचं ते आधी ठरवा

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या घरात सामान येऊन पडलेलं असतं. खोकी अर्धवट उघडलेली, पंखे अजून लागायचेत, आणि अशातच नेट जोडायला माणूस येतो. खांद्यावर केबलचं वेटोळं, हातात ड्रिल. दारातूनच विचारतो, "डबा कुठे बसवायचा?" समोर जे कोणी असेल ते बोट दाखवतं, "इथेच, दारामागे. नजरेला नको." भोक पडतं, डबा लागतो, हिरवे दिवे लुकलुकतात, माणूस सही घेऊन जातो. आणि मग पुढची काही वर्षं त्या घरात एकच वाक्य ऐकू येतं: आतल्या खोलीत रेंज येत नाही.

आज मला या एका भोकाबद्दलच बोलायचंय. कुठली कंपनी घ्यायची, किती एमबीपीएसचा प्लॅन घ्यायचा यावर आपण आठवडाभर खल करतो. डबा, म्हणजे वायफाय देणारा राउटर, कुठे बसणार हे मात्र अर्ध्या मिनिटात उरकतो. माझ्या मते हे उफराटं आहे. कंपनी जो वेग विकते तो त्या डब्यापर्यंत आणून देणं तिचं काम. डब्यापासून तुमच्या खुर्चीपर्यंत काय पोचतं ते तुमच्या भिंती ठरवतात. नेट स्लो आहे म्हणून जी कुरकुर चालते, तिच्यातली बरीचशी या शेवटच्या दहा-पंधरा मीटरांची असते, आणि आपण मात्र तिकडे मोठा प्लॅन घेत बसतो.

भिंतीचा एवढा काय संबंध, असं वाटेल. तुम्ही मला रेडिओवर ऐकत असाल, तर माझा आवाज ज्या लहरींवरून तुमच्यापर्यंत आला त्याच कुळातल्या लहरींवर वायफायही चालतं. फरक लांबीचा आहे. मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात, एफएमची लहर साधारण ३ मीटर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर भरते साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झची जेमतेम ६. लहर आखूड झाली की तिच्यावर माहिती भरपूर वाहून नेता येते, कारण तिथे जागा मोकळी असते. पण भिंत आडवी आली की ती लवकर दमते. त्यात रेडिओ केंद्राचा ट्रान्समीटर किलोवॉटमध्ये बोलतो, आणि तुमचा राउटर साधारण वॉटच्या दहाव्या भागाइतक्या ताकदीवर. एवढ्याशा जिवाला दोन काँक्रीटच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडायला लावायचं, वर रेंज नाही म्हणून त्यालाच बोल लावायचे!

सगळ्या भिंती सारख्या नसतात हेही लक्षात घ्या. प्लायवूडचं पार्टिशन लहरींना जाणवतही नाही. विटेची भिंत थोडं खाते. सळ्या घातलेलं काँक्रीट बरंच खातं. धातू तर त्यांना परतच पाठवतो, आणि मोठा आरसा म्हणजे काचेआड धातूचा थरच असतो. पाणीही लहरी शोषतं, म्हणून राउटर आणि बेडरूम यांच्यामध्ये माशांचं मोठं टाकं असेल तर मासे सुखात आणि तुम्ही अडचणीत. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे वायफायच्याच आळीत. तो सुरू असताना शेजारचं २.४ चं वायफाय अडखळलं तर नवल नाही.

यावरून जागा जवळजवळ ठरतेच. घराच्या मध्याच्या जवळ, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, उघड्यावर. दिवा आपण कपाटात ठेवून कपाटाचं दार लावत नाही. राउटरचंही तसंच आहे. टीव्हीच्या मागे नको, कारण टीव्हीच्या पाठीशी धातूचा पत्रा असतो. जमिनीवर तर अजिबात नको. अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा. अँटेनाच्या बाजूंनी लहर जोरात पसरते, टोकाच्या दिशेला सर्वांत कमी. वरच्या मजल्यावरही पोचवायचं असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघायला हरकत नाही. घर लांबट असेल आणि तुमचं काम एका टोकालाच चालत असेल, तर मध्य सोडा आणि डबा कामाच्या खोलीकडे सरकवा.

"पण केबल तर दाराशीच येते ना?" येऊ दे की. केबल जिथे घरात शिरते तिथेच राउटर बसला पाहिजे असा काही नियम नाही. बाहेरून फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची केबल, येत असेल तर तो आधी एका छोट्या डब्यात शिरतो. प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या या डब्याला ओएनटी म्हणतात. वायफाय देणारा तो राउटर. हल्ली दोन्ही एकाच डब्यात येतात खरे, पण ते वेगळे ठेवता येतात: ओएनटी दाराशी, आणि तिथून साध्या लॅन केबलने राउटर घराच्या मध्यात. लॅन केबल १०० मीटरपर्यंत कुरकुर न करता चालते. इतकं लांब घर कोणाचं असणार! किंवा मग फायबरच थोडा जास्त आत ओढून घ्या. आलेल्या माणसाला हे आधी सांगितलं तर तो केबल तेवढी घेऊन येतो. भोक पाडून झाल्यावर सांगितलं तर तो तोंड वाकडं करणार, आणि त्याची चूक नाही.

माणूस फायबरचं काम करत असेल तेव्हा जरा जवळ उभं राहून बघा, बघण्यासारखं असतं. काळं-पांढरं आवरण सोलत सोलत तो आत जातो, तेव्हा शेवटी हाती येते केसाएवढी काच, १२५ मायक्रॉन जाडीची. प्रकाश जातो तो तिच्याही गाभ्यातून, आणि तो गाभा फक्त ९ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून तो ती काच अल्कोहोलने पुसतो, हिऱ्यासारख्या धारेने कापतो, आणि मगच जोड देतो. धुळीचा कणही तिथे मोठा असतो. काचेचे कापलेले तुकडे मात्र जमिनीवर राहू देऊ नका. ते पायात घुसतात आणि दिसत नाहीत. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

मग तो एक मीटर लावतो आणि त्यावर उणे काहीतरी आकडा येतो. हा आकडा तुम्हीही बघा. फायबरमधून किती प्रकाश पोचतोय ते त्यावरून कळतं, डीबीएम नावाच्या मापात. घरोघरी सर्रास असणाऱ्या जीपॉन जातीच्या जोडणीत उणे २७ च्या पलीकडे गेलं की डबा आंधळा व्हायला लागतो. उणे २० च्या आसपास असेल तर छान. आकडा दर ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २० आणि उणे २६ यांत चौपट फरक. आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी लाल दिवा लागला तर 'आधी एवढा होता, आता एवढा आहे' असं ठोस बोलता येतं. फायबर दाराच्या फटीत चेमटली किंवा कोपऱ्यावर काटकोनात मुडपली तरी प्रकाश गळतो. वळण गोलसर ठेवायला सांगा, आणि उरलेली केबल खिळ्याला करकचून गुंडाळू नका.

घराला रंग अजून लागायचा असेल किंवा वायरिंग चालू असेल, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. इलेक्ट्रिशियनला सांगून मध्यापासून प्रत्येक खोलीत एक लॅन केबल टाकून घ्या, विजेच्या वायरींपासून वेगळ्या पाइपातून. कॅट ६ जातीची केबल चालेल, कॅट ५ई सुद्धा पुरेल. केबल नकोच असेल तर निदान रिकामा पाइप तरी टाका आणि आत एक दोरी सोडून ठेवा. टीव्ही, टेबलावरचा संगणक, प्रिंटर ही जागची न हलणारी यंत्रं वायरने जोडली की वायफाय फोनसाठी मोकळं राहतं. मोठ्या घरात दुसरा वायफाय पॉइंट लावायचा झाला तर तोही याच वायरवर लावा. बिनवायरीचे रिपीटर मिळतात, पण साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. अगदीच इलाज नसला तरच.

डबा बसला, दिवे लागले, की लगेच सही करू नका. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा आणि वेग तपासा. वायफायवर तपासलेला वेग भिंतींचा हिशेब सांगतो, लाइनचा नाही. इथे एक आकडा ओळखून ठेवा: ९४-९५. प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि मीटर ९४ ला अडून बसला, तर लाइन बहुधा ठीक असते आणि दोष असतो हातभर केबलीत. लॅन केबलीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या चारच पुरतात, पुढच्या वेगाला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी तार तुटली असली तरी जोडणी बहुधा गुपचूप १०० वर उतरते, आणि वरखर्च वजा जाता हाती ९४-९५ उरतात. केबल बदलून बघा. कधी लॅपटॉपचं पोर्टच जुनं निघतं.

आणि एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आहे, बाइटचा नाही. फाइल उतरवताना १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले तर ते पूर्ण माप आहे, कोणी फसवलेलं नाही.

कंपनी निवडण्याबद्दल थोडक्यात सांगतो. जाहिरात वाचण्यापेक्षा नव्या इमारतीतल्या शेजाऱ्यांची बेल वाजवा, आणि 'वेग किती' असं न विचारता 'रात्री नऊला कसं चालतं आणि बंद पडलं तर किती दिवसांनी येतात' असं विचारा. जीपॉनमध्ये एका फायबरचा सेकंदाला अडीच गिगाबिटचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असू शकतो. सगळे एकदम बसले की कुठे किती चिमटा बसतो ते शेजाऱ्यालाच ठाऊक. प्लॅनमध्ये अपलोडचा आकडाही बघा. घरून काम करणाऱ्याचा व्हिडिओ कॉल अपलोडवरच अडतो. आणि अर्ज शिफ्टिंगच्या बराच आधी करा. नव्या इमारतीचा पत्ता कंपनीच्या यादीत नसणं ही नेहमीची रड आहे, आणि ते निस्तरायला वेळ जातो. मधल्या काळात फोनच्या हॉटस्पॉटवर भागवायचं असेल, तर घर बघायला जाल तेव्हाच प्रत्येक खोलीत फोन काढून रेंज बघून या.

एक सोपी युक्ती. नव्या राउटरला जुन्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, लहान-मोठी अक्षरंसुद्धा जशीच्या तशी. घरातले फोन, टीव्ही, प्रिंटर, सगळे न सांगता जोडले जातात. एखादं जुनं यंत्र तरी अडून बसलं तर राउटरमध्ये सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलाय का बघा, जुन्या यंत्रांना डब्ल्यूपीए२ लागतं. जुना पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ झाला असेल तर मात्र ही युक्ती विसरा. आणि राउटरच्या आतल्या पानावर जाण्याचा कंपनीचा ठरीव पासवर्ड त्याच दिवशी बदला.

विजेचंही बघा. जुन्या तांब्याच्या टेलिफोनला एक्स्चेंजकडूनच वीज यायची, म्हणून घरातली लाइट गेली तरी तो चालायचा. फायबरवरचा फोन तसा नाही. डब्याची वीज गेली की नेटही गेलं आणि लँडलाइनही. घरात वयस्कर माणूस असेल तर डब्यासाठी एक छोटा यूपीएस घ्याच. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा, पिन बसली म्हणजे जमलं असं नाही.

राहिलं जुनं घर. नवं नेट चार दिवस नीट चालेपर्यंत जुनं तोडू नका. लँडलाइनचा नंबर बरोबर न्यायचा असेल तर ते काम तोडण्याआधीच होतं, नंतर नंबर हातचा जातो. डबा कंपनीचा असेल तर त्याच्या पाठीवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि परत देताना पावती घ्या, नाहीतर न दिलेल्या डब्याचं बिल येत राहतं. देण्याआधी मागचं बारीक छिद्रातलं बटण पिनेने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेले तुमचे पासवर्ड पुसले जातील. तोच डबा नव्या घरी न्यायचा असेल तर मात्र त्या बटणाला हात लावू नका. त्यातलं लॉगिनही पुसलं जातं, आणि मग ते कंपनीकडून पुन्हा मिळेपर्यंत डबा नुसता भिंतीला टांगलेला राहतो.

नमस्कार.