मंडळीच्या हाती ॲप

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मावशींचं निधन झालं. निरोप व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी सातलाच पडला होता. पण त्याच दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता. फुलं, केकचे फोटो आणि शुभेच्छांच्या गर्दीत तो निरोप कुठल्या कुठे वर गेला. दफन दुपारी तीनला झालं. चाळीस वर्षं मावशींच्या शेजारी एकाच बाकावर बसलेल्या, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बाईंना ते संध्याकाळी कळलं. पुढच्या रविवारी त्यांनी कमिटीला एवढंच विचारलं, "पूर्वी घंटा वाजली की कळायचं. आता कसं कळायचं?"

मंडळीसाठी मोबाइल ॲप करण्याचा विषय आमच्याकडे तिथून निघाला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीचा मी सेक्रेटरी आहे. ज्या मंडळ्या आज याच विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे बोलतोय.

पहिली गोष्ट म्हणजे ॲप कशासाठी हवं, ते कंपनीकडे जाण्याआधी ठरवा. आम्ही उलटं केलं. तयार साच्यातलं ॲप दाखवायला एक जण आला. त्यात प्रश्नमंजुषा, विक्रीचं दुकान, थेट प्रक्षेपण असं बरंच काही होतं. मराठी गीतं मात्र नव्हती, आणि भाडं दर महिन्याला. आम्ही नको म्हटलं. मग एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून विचारलं, तेव्हा तीनच गोष्टी पुढे आल्या: गीतं, निरोप आणि आजारी माणसांची विचारपूस.

गीतांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी ख्रिस्ती माणसाचा जीव तिथे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं दिली. ती पाठ असलेली माणसं अजून आहेत, पण पुस्तकातली बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. फोनवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आता अडचण ऐका. छापखान्याकडून आम्हाला गीतांची फाइल मिळाली, पण ती जुन्या फॉन्टमधली. फोनवर उघडली तर काना, मात्रा, वेलांटी सगळं विस्कटलेलं. शेवटी तरुण संघाच्या मुलींनी एकेक गीत युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, नव्याने टाइप केलं आणि शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, एका निवृत्त शिक्षिकेने मुद्रितं तपासली. तीन महिने गेले, पण मला विचाराल तर या सगळ्या कामातला तो सर्वांत मोलाचा भाग.

आपल्याकडे गीत नावाने नाही, नंबराने सांगतात. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणतात, "गीत एकशे सत्तावीस." कुणी फोनवर मराठी अंक दाबतो, कुणी इंग्रजी. दोन्हींनी तेच गीत उघडलं पाहिजे, हे करणाऱ्याला आधीच सांगा. आणखी एक. टिळक १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या रचनांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. पण हयात गीतकारांची गीतं टाकायची तर त्यांची लेखी परवानगी घ्या. त्यांनी पोटतिडकीने लिहिलेलं असतं. विचारलं की बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

निरोपांसाठी आम्ही एक कडक नियम केला. मोठ्या आवाजाची सूचना फक्त दोनच कारणांसाठी जाईल: निधन, किंवा उपासनेच्या वेळेत अचानक झालेला बदल. वाढदिवस, सहली, महिला मंडळाची सभा हे सगळं ॲपमध्ये आहे, पण ते शांतपणे तिथेच राहतं. घंटा सारखी वाजत राहिली की माणसं कान देत नाहीत.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे, ते. प्रार्थनेची विनंती. घरातल्या दारूबद्दल, कर्जाबद्दल, मुलीच्या मोडलेल्या लग्नाबद्दल लोक पाळकांच्या कानात सांगतात. हेच कुणी ॲपमध्ये लिहिलं आणि ते शंभर फोनवर दिसलं, तर त्या घराचं काय होईल? आमच्याकडे ती विनंती एकट्या पाळकसाहेबांना जाते. सेक्रेटरी असून मलाही ती दिसत नाही, आणि दिसू नये. सभासदांची फोटो-पत्त्यांसह यादी ॲपमध्ये घालावी, असाही आग्रह झाला. मी विरोध केला. कोण कुठे राहतं, घरी एकटं कोण असतं, याची यादी हातोहात फिरावी अशी वस्तू नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात माणसाची संमती मूळ धरली आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची. म्हणून शब्बाथ शाळेच्या मुलांचे फोटो आम्ही ठेवलेच नाहीत.

दानाचं थोडक्यात. यूपीआयचा कोड मंडळीच्या ट्रस्टच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीही नको. परदेशातले आपले लोकही ॲप उघडतात. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांचं दान कायद्याने परदेशी देणगी ठरतं. त्यासाठी २०१० च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते. ती नसेल तर ते दान नम्रपणे नाकारा. भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलं, तर ही अडचण येत नाही.

आणि ॲप कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं पहिलं ॲप एका हुशार मुलाने स्वतःच्या खात्यातून केलं होतं. तो नोकरीसाठी दूर गेला, खातं त्याच्याबरोबर गेलं. ॲप नव्या अँड्रॉइडप्रमाणे सुधारलं गेलं नाही आणि नव्या फोनवर मिळेनासं झालं. त्याचा दोष नाही, विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आता खातं मंडळीच्या नावाने आहे आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात कमिटीच्या कपाटात. अँड्रॉइडसाठी गूगल खातं उघडताना एकदाच पंचवीस डॉलर घेतं. आयफोनसाठी ॲपलला दर वर्षी नव्याण्णव डॉलर लागतात. आमच्याकडे आयफोनवाली घरं अगदी थोडी, म्हणून सध्या आम्ही अँड्रॉइडवरच थांबलो.

ॲप तयार झाल्यावर आधी मळ्यात राहणाऱ्या एका आजोबांकडे नेलं. त्यांच्या घरात रेंज येत नाही. बाजेवर बसून त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, मग जवळ. म्हणाले, "इथे इंटरनेट नाही, उघडेल का रे?" गीतं आम्ही फोनमध्येच साठवलेली होती. नातीने नंबर दाबला, अक्षर मोठं केलं. आजोबांनी चष्मा काढून उशाशी ठेवला आणि पहिल्या कडव्यापासून गायला लागले.