नवी, पण कोरी का?

नमस्कार, श्रोतेहो.

‘नवीकोरी’ हा शब्द आपण एका दमात म्हणून टाकतो, पण त्यात दोन वेगळे शब्द आहेत. वही दुकानातून आज आणली, ती नवी. पण तिच्या पहिल्या पानावर कुणीतरी दोन ओळी लिहून खोडल्या असतील, तर ती कोरी नाही. हा फरक मला शाळेत कुणी शिकवला नाही. घरी आणलेल्या एका गाडीनं तिसऱ्या दिवशी शिकवला.

डिलिव्हरी संध्याकाळी मिळाली. शोरूमच्या दिव्यांखाली गाडी अशी चकाकत होती की तिच्यात काही शोधायची मला लाजच वाटली. फोटो झाले, किल्ली मिळाली, चार सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपं होतं आणि मी गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी उभी राहून सहज पुढे बघत होते. समोरच्या विजेच्या तारेचं प्रतिबिंब गाडीच्या अंगावर पडलं होतं. मागच्या दारावर रेघ सरळ. पुढच्या दारावर सरळ. आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, म्हणजे फेंडरवर, येताच ती रेघ डुचमळली. पाण्यात काठी बुडवल्यावर वाकडी दिसते ना, तशी.

जवळ गेले तर आणखी एक गंमत. गाडीच्या रंगाला बारकासा पोत असतो, संत्र्याच्या सालीसारखा. रंगारी त्याला ‘ऑरेंज पील’च म्हणतात. तो सगळ्या गाडीवर होता, फक्त या एका फेंडरवर नव्हता. तिथला रंग आरशासारखा गुळगुळीत. म्हणजे जिथे शंका यावी, तिथला रंग बाकीच्यापेक्षा चांगला!

माझा एक मावसभाऊ गाड्या रंगवायच्या धंद्यात मुरलेला आहे. मी त्याला दादा म्हणते. त्याला बोलावलं. मला वाटलं, हा आता भिंग वगैरे काढेल. त्यानं रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. दार उघडलं आणि फेंडरच्या आतल्या कडेवरून नखाचं टोक हलकेच फिरवत नेलं. मग म्हणाला, “तू फिरव.” मी फिरवलं. एका जागी नखाला कंगोरा लागला, केसाएवढा. ती चिकटपट्टीची कड होती. रंग पलीकडे उडू नये म्हणून पट्टी लावतात, मग फवारतात, मग पट्टी काढतात. पट्टी निघून जाते, पण तिची पायरी मागे राहते.

मग त्यानं बॉनेट उघडलं. फेंडर ज्या बोल्टांनी बसवलेलं असतं, ते तिथे ओळीनं दिसतात. डावीकडचे सगळे बोल्ट गाडीच्याच रंगात माखलेले, अख्खे. उजवीकडच्या दोन बोल्टांच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला आणि आतलं लोखंड लुकलुकत होतं. पाना लागला की असं होतं.

“पण एका बोल्टावरून फाशी देऊ नकोस,” दादा म्हणाला. त्याचं म्हणणं मला फार पटलं, म्हणून सांगते. काही कारखान्यांत रंग झाल्यावर दारं काढून ठेवतात, आतली जुळणी करतात आणि दारं परत बसवतात. तिथे बिजागरीच्या बोल्टांवर पान्याची खूण असणारच. म्हणून एकटी खूण काही सांगत नाही. गाडीच्या दोन बाजू एकमेकींच्या साक्षीदार असतात. जे डावीकडे आहे ते उजवीकडे आहे का, एवढंच विचारत जायचं. दोन्हीकडे सारखं असेल तर कारखान्याची पद्धत. एकाच बाजूला असेल तर काहीतरी घडलंय.

शेवटी त्यानं खिशातून रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. मोबाइलपेक्षा लहान, पत्र्यावर टेकवायचं, आकडा येतो. छत 118. डावं फेंडर 122. दारं 115, 120. उजवं फेंडर 290, आणि चाकाच्या कमानीपाशी 340. हे आकडे मायक्रॉनचे, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून आलेला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉनच्या आसपास असतो. दुसऱ्यांदा रंगवलं की आकडा वर जातो, आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर तो पाचशे, हजारसुद्धा ओलांडतो. इथे पुट्टी बहुधा नव्हती. पत्रा ठोकून सरळ केला होता आणि वर रंग.

आता तुम्ही म्हणाल, रंग तर रंग, काय बिघडलं? मीही तेच म्हटलं. तर ऐका. कारखान्यात उघडा सांगाडा आधी एका हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्यानं त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात गंजरोधक थर चढवतात. तो जेमतेम वीस मायक्रॉनचा असतो, पण गंजाशी खरी लढाई तोच लढतो. तो 160 ते 180 अंश सेल्सिअसला भाजतात. हे शक्य होतं, कारण तेव्हा गाडीत ना सीट असते, ना वायर, ना प्लास्टिक. तयार गाडी तुम्ही एवढ्या भट्टीत घालू शकत नाही, ती वितळेल. म्हणून दुरुस्तीचा रंग साठ-ऐंशी अंशांवर वाळवतात आणि त्यासाठी वेगळी रसायनं वापरतात. चांगल्या कारागिरानं केलं तर तोही वर्षानुवर्षं टिकतो. पण पत्रा घासून उघडा केला असेल, तर हौदातला तो मूळ थर त्या जागी परत येत नाही.

याच गोष्टीवरून आणखी एक खूण मिळते. कारखान्यात रंग आधी, आणि काचा, दिवे, रबर नंतर. मग रबराच्या पट्टीवर किंवा दिव्याच्या कडेवर गाडीच्या रंगाचे बारीक शिंतोडे दिसले, तर तो रंग गाडी जुळून झाल्यावर कधीतरी बसलाय, हे नक्की. ओल्या बोटानं रबर पुसून बघा, खरखरीत लागतं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या तुम्ही शोरूममध्ये प्रत्येक गाडीवर आरोपपत्र दाखल कराल. रंगात अडकलेला धुळीचा कण, दोन दारांमधली फट वर चार मिलिमीटर आणि खाली पाच, डॅशबोर्डमधून येणारी कुरकुर, ही घडणीतली कसूर आहे. तिची तक्रार करावी, ती वॉरंटीत दुरुस्त करून घ्यावी, पण त्यात कुणी काही लपवलेलं नसतं. बम्परचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित वेगळा दिसतो, तेही बऱ्याचदा चालतं. बम्पर प्लास्टिकचा असतो आणि वेगळा रंगवलेला असतो. हो, आणि ते जाडी मोजायचं साधं यंत्र प्लास्टिकवर चालत नाही, तिथे उगाच टेकवत बसू नका.

बम्परच्या बाबतीत मला वेगळीच काळजी वाटते. हल्ली काही गाड्यांत त्याच्या आड रडार बसवलेलं असतं, आपोआप ब्रेक लावायला मदत करणारं. ठोकर बसलेला बम्पर वरून छान रंगवला, पण आतला रडारचा पाया दोन अंशांनी वाकडा राहिला, किंवा रडारसमोरच रंगाचे जाड थर चढले, तर ते समोरची गाडी चुकीच्या जागी बघू शकतं. हे उन्हात दिसत नाही आणि नखाला लागत नाही. म्हणून माझ्या गाडीचा बम्पर आम्ही उतरवूनच बघायला लावला. आतला आडवा बीम सरळ निघाला.

शोरूममध्ये पहिलं उत्तर ठरलेलं होतं, “मॅडम, कंपनीतूनच असं येतं.” दुसरं उत्तर त्याहून गोड, “गाडी सोडून जा, पॉलिश मारून देतो.” दादानं मला आधीच बजावलं होतं, पॉलिशच्या कपड्याला हात लावू द्यायचा नाही. खुणा जातात. आम्ही सगळे फोटो काढले होते, प्रत्येक आकड्याचा, यंत्र पत्र्यावर टेकलेलं दिसेल असा. चेसिस नंबर घालून ईमेल पाठवला आणि दोनच कागद मागितले: डिलिव्हरीपूर्व तपासणीची यादी आणि गाडी ट्रेलरवरून उतरवताना केलेली नोंद. आठ दिवस शांतता. मग दुसरा कागद आला. त्यात पुढच्या उजव्या कोपऱ्यावर कुणीतरी पेनानं गोल काढला होता.

माझी एक चूक मात्र झालीच. हे सगळं मी पैसे भरून, नोंदणी होऊन, गाडी घरी आल्यावर केलं. त्याआधी केलं असतं तर नुसतं “दुसरी दाखवा” म्हणून भागलं असतं. नंतर तेच करायला सात आठवडे आणि किती फोन, ते मोजलेच नाहीत.

दुसरी गाडी घ्यायला गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी ती आधी बाहेर उन्हात काढायला लावली. तिथले मॅनेजर शेजारी उभे होते. म्हणाले, “एक विचारू का? तुम्हाला कळलं कसं?” मी बॉनेट उघडलं आणि दोन्हीकडचे बोल्ट दाखवले, डावे आणि उजवे. ते वाकले, नीट बघितलं, सरळ झाले. मी सह्या करून बाहेर आले, तर ते आतल्या दुसऱ्या एका गाडीचं बॉनेट उघडून, वाकून बोल्ट बघत होते.

नमस्कार.