पाच वर्षांची शिक्षा आणि शर्टाचं तुटलेलं बटण

मंडळी, आयोजकांनी विषय थेट दिलाय: पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिकेवरचे लोक, अग्निशमनचे जवान यांच्यावर हात टाकणाऱ्याला जबर शिक्षा हवी की नको? हवी. पण महाराष्ट्राने ती एकदा वाढवून पाहिली आहे. तिचं पुढे काय झालं, ते आधी ऐका. मी सरकारी वकिली केलेला माणूस, त्यामुळे कोर्टात काय घडतं त्या अंगानेच बोलणार.

2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला एका वाहतूक हवालदाराने दुचाकीवरच्या अल्पवयीन पोराला अडवलं. पोराने भावाला बोलावलं, हवालदाराच्या डोक्यात दांडका बसला आणि आठवड्याभरात ते गेले. 2017 च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांच्या जमावाने एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. लोक चिडलेले होते, पोलिसांची कुटुंबं रडत होती. अशा वेळी सरकारच्या हातात पटकन करण्याजोगी गोष्ट एकच असते, शिक्षा वाढवणं. 2018 साली राज्याने भारतीय दंड संहितेत सुधारणा केली. कलम 353, म्हणजे वर्तमानपत्रात ज्याला ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणतात ते. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षं झाली. कलम 332, म्हणजे लोकसेवकाला दुखापत, त्याची तीनावरून पाच. खटलाही सत्र न्यायालयात.

आता जरा हिशोब करा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात सांगून ठेवलंय. दोनाचे पाच केले तरी आपण सातच्या आतच राहिलो. म्हणजे अटकेच्या बाबतीत काडीचा फरक नाही. कलम अजामीनपात्र तर आधीपासूनच होतं. फरक पडला तो कोर्टाचा. दंडाधिकाऱ्यांकडे चालणारा खटला सत्र न्यायाधीशांच्या पुढ्यात गेला, आणि तिथे खून, बलात्कार, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले, वर्षानुवर्षं आत असलेले कच्चे कैदी. त्या ढिगात जामिनावर सुटलेल्या, कॉलर धरणाऱ्या आरोपीचा नंबर कधी लागणार? शिक्षा जड झाली आणि खटला लांबला.

तोवर काय होतं, ते सांगतो. समजा, नाकाबंदीत एका शिपायाला धक्काबुक्की झाली. मुद्देमालात काय येतं? गणवेशाचा शर्ट. पंचनाम्यात लिहिलेलं, वरून दुसरं बटण तुटलेलं, डाव्या खिशावरची नावाची पट्टी नाही. साक्षीला शिपाई येतो तोपर्यंत त्याची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली असते. आरोपीचे वकील पहिला प्रश्न विचारतात, तुम्ही त्या वेळी ड्यूटीवर होता हे कशावरून? कारण कायद्याला नुसता गणवेश पुरत नाही, तो कर्तव्य बजावत होता हे सिद्ध करावं लागतं. स्टेशन डायरीतली नोंद मागवली तर ती जोडलेलीच नसते. पंच चहावाला, तो म्हणतो, साहेबांनी सही करायला सांगितली म्हणून केली. फितूर. मग बटण कुणी तोडलं, हे कोर्टाला कसं कळणार? इथे पाच वर्षांच्या जागी पंधरा लिहिली असती तरी निकाल तोच लागला असता.

दुसरी गंमत पाहा. 1 जुलै 2024 रोजी दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्याबरोबर राज्याची सुधारणाही गेली. 353 च्या जागी आलेल्या कलम 132 मध्ये कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षं. दुखापतीच्या कलम 121 मध्ये पाच आहे, गंभीर दुखापतीला दहापर्यंत. ज्या वाढीव शिक्षेवर एवढी भाषणं झाली, ती गेली तेव्हा मला तरी कुठे हाक ना बोंब ऐकू आली नाही.

पुढची गोष्ट काही पोलीस मित्रांना आवडणार नाही, तरी बोलतो. ‘353 लावीन’ (आता 132) ही धमकी झाली आहे. तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासाठी आवाज चढवणाऱ्यालाही तीच आणि हवालदाराच्या डोक्यात दगड घालणाऱ्यालाही तीच. वास्तविक हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग असल्याशिवाय हे कलम लागतच नाही. बंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका करणाऱ्यांवर हाच गुन्हा नोंदवला होता, 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. भांडकुदळ माणूस आणि हल्लेखोर एकाच यादीत टाकले की न्यायाधीशही प्रत्येक फिर्यादीकडे संशयाने बघू लागतात, आणि भोगतो खरोखर मार खाल्लेला शिपाई.

डॉक्टरांसाठी तर आपल्याकडे 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई, अजामीनपात्र. धुळ्याचा प्रकार घडला तेव्हा हा कायदा सात वर्षांचा झाला होता. रात्री दोनला अपघात विभागात शिरणाऱ्या जमावाने राजपत्र वाचलेलं नसतं.

मला त्यातल्या त्यात पटलेला कायदा 2020 च्या कोविड साथीतला. साथरोग कायद्याच्या दुरुस्तीत आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याला शिक्षा होतीच, तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर इजेला सातपर्यंत. पण त्यात आणखी दोन ओळी होत्या: तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत संपवायचा, आणि खटला शक्यतो वर्षभरात निकाली काढायचा. कामाच्या ओळी त्याच. साथ ओसरली आणि त्या साथीपुरत्याच राहिल्या.

शेवटचा मुद्दा फिर्यादीचा. 108 च्या रुग्णवाहिकेवरचा चालक बहुधा कंत्राटी. मार खाल्ल्यावर पोलीस ठाण्यात बसला तर पुढची पाळी कोण करणार, आणि तारखांना जाताना पगार कापला तर? म्हणून तो गप्प बसतो किंवा तडजोड करतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सरकारी रुग्णालयांना कळवलं की हिंसा झाल्यापासून सहा तासांत संस्थाप्रमुखाने स्वतः संस्थेतर्फे गुन्हा नोंदवावा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांवरही हीच सक्ती करा, आणि साक्षीच्या दिवशी त्या माणसाला ड्यूटीवर हजर धरा. कायदा बदलायचाच असेल तर माझ्या मते आधी इथे बदला. शिक्षेची वर्षं वाढवायची की नाही, ते मग बघू.