ज्यांचा नंबर फक्त चुकीला ऐकू येतो

[दृश्य: मैदान वरून. दोन्ही संघ समोरासमोर वाकलेले. आवाज नाही.]

अमेरिकन फुटबॉलमधला, चेंडू हलायच्या आधीचा हा क्षण. कॅमेरा नेहमी क्वार्टरबॅकवर, म्हणजे डाव चालवणाऱ्यावर जातो. आपण आज त्याच्याकडे बघायचंच नाही. त्याच्या पुढे खाली वाकलेले पाच जण बघा. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला दोन टॅकल.

ही ऑफेन्सिव्ह लाइन. एकेक गडी सहा फुटांच्या वर, वजन 130 ते 145 किलो. चेंडू घेऊन पळणं यांचं काम नाही. एरवीच्या डावात पास झेलायची मुभाही नाही. समोरच्याला थोपवायचं, रेटायचं आणि मागून येणाऱ्याला वाट करून द्यायची. सामना संपल्यावर छापल्या जाणाऱ्या आकड्यांत यांच्या वाट्याला काही येत नाही. स्टेडियममध्ये यांचा नंबर घुमतो तो पंच माईकवर बोलतो तेव्हा. अमुक नंबर, होल्डिंग (म्हणजे समोरच्याला पकडून ठेवणं), दहा यार्ड मागे.

[दृश्य: शाळेचं मैदान, शुक्रवारची रात्र, दिव्यांचे खांब.]

अमेरिकेतली विद्यापीठं आपला फुटबॉल संघ शाळांमधून वेचतात. मुलं सोळा-सतरा वर्षांची. वेबसाइटवाले त्यांना दोन ते पाच स्टार देतात. पळणारा पोरगा असेल तर घड्याळ लावलं की झालं. लाइनमनचं मात्र कठीण. शाळेत त्याच्या समोर ऐंशी किलोचा पोरगा असतो. हा नुसता त्याच्या अंगावर पडला तरी व्हिडिओ झकास दिसतो.

आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. लाइनमनचे पाय अठराव्या वर्षीही दिसत नाहीत. अंगावर अजून वीस-तीस किलो चढायचे असतात, आणि ते चढल्यावर हीच पावलं इतकीच चपळ राहतील का, हे कुणाला सांगता येणार?

[दृश्य: मक्याची शेतं, सरळ रस्ता, लांबवर धान्याचं कोठार.]

हे आयोवा. मका आणि डुकरं यांचं राज्य. लोकसंख्या सुमारे 32 लाख, व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. टेक्सास-फ्लोरिडात जसं खेळाडूंचं पीक येतं, तसं इथे येत नाही. तरीही आयोवा सिटीतल्या विद्यापीठातून कितीतरी लाइनमन थेट एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेले आहेत.

त्यामागे मुख्यतः एक माणूस, कर्क फेरेंट्झ. पेनसिल्व्हेनियातल्या अप्पर सेंट क्लेअर शाळेत तो जो मूर नावाच्या कोचच्या हाताखाली खेळला. पुढे मूर लाइन घडवणारा म्हणून देशभर गाजला. 1981 मध्ये फेरेंट्झ लाइनचा कोच म्हणून आयोवात आला, मध्ये काही वर्षं बाहेर राहिला आणि 1999 मध्ये मुख्य कोच होऊन परतला. पहिल्या वर्षी एक विजय, दहा पराभव.

मोठ्या विद्यापीठांनी हेरलेली पोरं त्याला मिळणार नव्हती. मग तो दुसरीच पोरं बघायला लागला. उंच, हाडापेरानं थोराड, पण अजून भरलेली नाहीत अशी.

[दृश्य: जुनं चित्रीकरण, 2002.]

रॉबर्ट गॅलरी. मेसनव्हिल हे नाव नकाशावर शोधावं लागेल, एवढंसं गाव. तो आला तेव्हा टाइट एंड होता, म्हणजे पास झेलणारा. दोन वर्षं खाऊन-पिऊन, वजनं उचलून टॅकल झाला. शेजारचा एरिक स्टाइनबॅक, तोही मूळचा टाइट एंड. मधला ब्रूस नेल्सन तर वॉक-ऑन, विद्यापीठानं त्याला स्कॉलरशिपसुद्धा दिलेली नव्हती. 2002 मध्ये या लाइनच्या मागे आयोवानं बिग टेनमधले, म्हणजे आपल्या विद्यापीठ गटातले आठच्या आठ सामने जिंकले. पुढच्या वर्षी गॅलरीला देशातल्या सर्वोत्तम लाइनमनचा आउटलँड करंडक मिळाला आणि 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याचं नाव दुसरं पुकारलं गेलं.

डेनिसनचा ब्रँडन शर्फ शाळेत एक वर्ष चक्क क्वार्टरबॅक खेळला होता. त्याला आउटलँड 2014 मध्ये. ॲनामोसाच्या मार्शल यांडाचे मार्क कमी पडले म्हणून तो आधी दोन वर्षांच्या कॉलेजात गेला. पुढे आठ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे एनएफएलच्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला.

[दृश्य: कुस्तीची मॅट. दोन जड वजनाचे मल्ल. प्रेक्षकांचा गलका.]

आता इथे जरा थांबू. माझ्या मते या गोष्टीचं मर्म फुटबॉलच्या मैदानावर नाही, ते या मॅटवर आहे.

आयोवा कुस्तीवेडं आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकणारा डॅन गेबल इथलाच. त्याच्या हाताखाली आयोवा विद्यापीठानं कुस्तीची 15 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. इथल्या गावागावांत हिवाळा म्हणजे कुस्ती.

आखाडा पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. ताकद दंडात दिसते, पण कुस्ती ठरते कमरेत. ज्याची कंबर खाली, त्याचा जोर वर. लाइनमनचंही तेच. समोरच्याच्या छातीखाली शिरायचं, हात आत घालायचे आणि पाय थांबू द्यायचे नाहीत. कुस्तीगीर पोराला हे शिकवावं लागत नाही. शिवाय एकट्यानं हरायची सवय झालेली असते, तीही उपयोगी पडते.

माउंट व्हर्ननचा ट्रिस्टन वर्फ्स शाळेत कुस्तीचा राज्यविजेता. गोळा आणि थाळी फेकण्यातही पहिला. वरच्या वजनगटाची मर्यादा 285 पौंड, म्हणजे 129 किलो. त्यात बसायला याला वजन उतरवावं लागलं होतं! फेरेंट्झच्या हाताखाली पहिल्याच वर्षी टॅकल म्हणून सामन्याच्या सुरुवातीपासून खेळलेला तो पहिला मुलगा. एनएफएलच्या 2020 च्या चाचणीत त्यानं जागेवरून साडेछत्तीस इंच उडी मारली. वजन तेव्हा 145 किलो.

आणि या वर्फ्सला शाळेत असताना मॅटवर कोणी हरवलं? जवळच्याच सोलन गावच्या टायलर लिंडरबॉमनं. हा आयोवात आला बचाव फळीत खेळायला. पहिल्याच वर्षी कोचनी त्याला चेंडूच्या पलीकडून अलीकडे आणून सेंटर केलं. सेंटर म्हणून अंगानं लहान, पण 2021 मध्ये देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन करंडक त्यानंच घेतला.

[दृश्य: सराव. पाच जण एकदम डावीकडे पाऊल टाकतात. पुन्हा. पुन्हा.]

चांगली पोरं मिळाली म्हणून लाइन झाली, असं नाही. आयोवाचा जुना डाव म्हणजे झोन. पाचही जण एकाच दिशेला एकच पाऊल टाकतात. दोघं मिळून एकाला ढकलतात. मग त्यातला एक सुटून लाइनबॅकरवर, म्हणजे समोरच्या बचाव फळीच्या मागे उभ्या गड्यावर जातो. सुटायचं कुणी, हे आधी ठरलेलं नसतं. लाइनबॅकर कुठे सरकतो त्यावर ते ठरतं. बोलायला वेळ नसतो. शेजाऱ्याच्या खांद्याचा भार कमी झाला, की समजायचं, तो निघाला. हे कळायला शेजारी तोच लागतो, आणि बरेच दिवस लागतो.

म्हणूनच 2015 पासून अख्ख्या लाइनला मिळून एक पुरस्कार देतात. त्याला नाव जो मूरचं. 2016 मध्ये तो आयोवाला मिळाला. फेरेंट्झच्या शाळेतल्या कोचच्या नावाचा करंडक.

[दृश्य: रिकामी वजनांची खोली.]

या कारखान्याची दुसरी बाजूही आहे. जानेवारी 2011 मध्ये कडक व्यायामानंतर 13 खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. जून 2020 मध्ये माजी खेळाडू जाहीरपणे बोलू लागले, की इथे कृष्णवर्णीय मुलांना वेगळं वागवलं जातं. आधी बोलणाऱ्यांत जेम्स डॅनियल्स होता, याच लाइनचा माजी सेंटर. व्यायामाचे मुख्य कोच गेले, खटला चालला, 2023 मध्ये तडजोड झाली. घडवणं आणि मोडणं यांतली रेघ तिथे पुसट झाली होती. हे वगळून आयोवाचं कौतुक करणं मला जमणार नाही.

मैदानावरही पडझड झाली. 2023 मध्ये आयोवानं दहा सामने जिंकले, पण यार्ड मिळवण्यात देशात शेवटचा नंबर.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर बातम्या सरकतात.]

तोवर जग बदललं होतं. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. 2021 पासून खेळाडूला पहिल्यांदा विद्यापीठ बदलताना एक वर्ष बसावं लागत नाही, आणि स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. तीन वर्षं खुराक घालून तयार केलेला पोरगा चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या अंगणात उभा असू शकतो.

डे मॉइनजवळचा केडिन प्रॉक्टर पाच स्टारचा टॅकल. आयोवाला शब्द दिला आणि डिसेंबर 2022 मध्ये अलाबामाला गेला. जानेवारी 2024 मध्ये पोर्टलमधून आयोवात परतला. राज्यभर आनंद. मार्चमध्ये पुन्हा अलाबामाला. आयोवासाठी एकही सामना न खेळता.

[दृश्य: आयोवाचं किनिक स्टेडियम, शनिवार. सेंटर चेंडूवर वाकतो.]

त्याच 2024 मध्ये केलेब जॉन्सन आयोवाकडून 1,537 यार्ड पळाला. त्याच्या पुढे चेंडू देणारा सेंटर लोगन जोन्स, काउन्सिल ब्लफ्सचा. हाही बचाव फळीतूनच उचललेला. लिंडरबॉम गेल्यावर त्याला अलीकडे आणला.

पाठीवर नंबरही लिंडरबॉमचाच. 65.