चार आण्यांचं प्लास्टिक, बारा आण्यांचा साचा

मंडळी, जुन्या वळणाच्या अ‍ॅक्शन फिगर्स जमवणारे दोघे एकत्र आले की पाच मिनिटांत गाडी एकाच तक्रारीवर येते. पावणेचार इंचांचं प्लास्टिकचं खेळणं. मान फिरते, दोन हात वर-खाली होतात, दोन पाय कंबरेत वाकतात. बस्स. कोपर नाही, गुडघा नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या दुकानांत हीच चीज दोन डॉलरच्या आसपास मिळायची. आज त्याच धाटणीची, तशाच पुठ्ठ्यावर पारदर्शक फुग्यात बसवलेली नवी फिगर वीस डॉलरला. ही लूट नाही तर काय?

आधी महागाईचा भाग वजा करू. १९७८चे दोन डॉलर म्हणजे २०२४च्या पैशांत साडेनऊ ते दहा डॉलर. म्हणजे अर्धी किंमत महागाईनेच खाल्ली. प्रश्न उरलेल्या दहा डॉलरचा आहे. मी आज मुख्यतः त्या दहा डॉलरविषयी बोलणार आहे, आणि दुसरं म्हणजे, ते मोजायची तयारी असूनही माल दुकानात का दिसत नाही, याविषयी.

केनर कंपनीने १९७७-७८मध्ये स्टार वॉर्सची खेळणी काढली तेव्हा पावणेचार इंच हे माप निवडलं. त्याआधी जी. आय. जो हा बारा इंची होता आणि मेगो कंपनीचे सुपरहिरो आठ इंची, कापडी कपडे घातलेले. बारा इंची माणसाला बसायला अवकाशयान करायचं तर ते दिवाणखान्यात मावलं नसतं, आणि परवडलंही नसतं. माप लहान केल्यावर यानं विकता आली, शिवाय फिगर इतकी स्वस्त झाली की एकावर न थांबता मुलं डझनभर मागू लागली. पाच सांधे ठेवले तेही पैशांपायीच. डोकं, दोन हात, दोन पाय आणि धडाचे दोन अर्धे भाग. सात तुकडे, थोडासा रंग, हातात एखादं शस्त्र.

आता हे तुकडे ज्यातून पडतात तो साचा बघा. तो पोलादी असतो, आतली पोकळी केसाइतक्या अचूकतेने कोरावी लागते, आणि त्याचा खर्च पहिला नग बाहेर पडण्याआधीच झालेला असतो. समजा एका फिगरच्या साच्याला चाळीस हजार डॉलर लागले. हा आकडा मी हिशेबापुरता घेतोय. त्यातून वीस लाख नग काढले तर प्रत्येक नगावर साच्याचा भार दोन सेंट. दहा हजारच काढले तर चार डॉलर. साचा तोच, प्लास्टिक तेच, कारागिरी तीच. बदलला फक्त भागाकारातला खालचा आकडा.

आणि हे चार डॉलर तुमच्या वीस डॉलरमधून जात नाहीत. वीस डॉलरच्या वस्तूचे ढोबळमानाने निम्मे पैसे दुकानदाराकडे राहतात. कंपनीच्या हातात आले दहा. त्या दहातून साच्याचे चार, मग कारखान्याची मजुरी, रंगकाम, पुठ्ठा, जहाजाचं भाडं, आणि ज्याचं पात्र आहे त्याचं मानधन, जे बहुधा टक्क्यांत ठरलेलं असतं. शेवटी जे उरतं त्यावर कोणी बंगले बांधत नाही. आपल्याला वाटतं, साधं खेळणं आहे म्हणून स्वस्त असायला हवं. केनरची फिगर साधी होती म्हणून थोडी स्वस्त होती, आणि लाखोंनी निघत होती म्हणून खूप स्वस्त होती. आजच्या कंपन्यांनी साधेपणा हुबेहूब उचलला. लाख गिऱ्हाइकं कुठून आणणार?

सुपर सेव्हन या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीचं उदाहरण घ्या. ‘एलियन’ हा चित्रपट १९७९चा. केनरने त्याच्या पावणेचार इंची फिगर्स योजल्या होत्या, नमुनेही झाले, पण बेत रद्द झाला. बाजारात आला तो एकटा अठरा इंची राक्षस. २०१३मध्ये सुपर सेव्हनने ते जुने नमुने हाताशी धरून त्या न निघालेल्या फिगर्स काढल्या, आणि त्यातून ‘रीअ‍ॅक्शन’ ही मालिका उभी राहिली. त्या फिगर्स सुरुवातीच्या काळात दुकानांत दहा डॉलरच्या घरात होत्या, पुढे पंधरा झाल्या, आणि मग वीस. पण त्यांच्याकडे कोणाकोणाच्या फिगर्स आहेत पाहा: हेवी मेटलचे बँडवाले, जुन्या भयपटांतले राक्षस, कार्टूनमधली दुय्यम पात्रं. ज्या पात्राचे जगभर मिळून काही हजार चाहते आहेत, त्याची फिगर निघते हेच मुळात नवल. ती दोन सेंटांच्या हिशेबात कधीच बसणार नाही.

उलट बाजू बघा. २०१९मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने स्टार वॉर्सची रेट्रो मालिका काढली, पुठ्ठ्यावर केनरचं जुनं चिन्ह छापून. ते चिन्ह त्यांचंच होतं: केनर १९८७मध्ये टोंका कंपनीकडे गेली आणि टोंका १९९१मध्ये हॅस्ब्रोकडे. किंमत नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट. सुपर सेव्हनपेक्षा किती तरी कमी, कारण ल्यूक आणि डार्थ व्हेडर कोणीही उचलतो, आणि मोठ्या साखळी दुकानांच्या मागण्याही तशाच मोठ्या असतात. मात्र ग्रँड मॉफ टार्किन हा सेनानी, ज्याची फिगर केनरने कधीच काढली नव्हती आणि ज्याच्यासाठी जमवणारे खरे आसुसले होते, तो त्यांनी एका बोर्ड गेमच्या खोक्यात घातला. टार्किन हवा? मग पटासकट सगळा खेळ घ्या. व्यापार म्हणून मला हे फार हुशारीचं वाटतं, आणि गिऱ्हाईक म्हणून तितकंच चीड आणणारं.

साच्याचा भार हलका करायची एक जुनी युक्तीही आहे. मॅटेल कंपनीने १९८२मध्ये मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स ही मालिका काढली तेव्हा बीस्टमॅन आणि स्ट्रॅटोस यांना एकच केसाळ धड दिलं होतं. एक जंगली जनावर आणि एक उडणारा पक्षीमानव, छाती तीच. २०२०मध्ये आलेल्या ‘ओरिजिन्स’ मालिकेतही मॅटेलने तोच मार्ग धरला: मोजकी धडं, मोजके हातपाय, आणि त्यांवर नवनवी डोकी आणि चिलखतं. सांधे जुन्यापेक्षा कितीतरी जास्त असूनही ती सुरुवातीला पंधरा डॉलरला परवडली, त्यामागे हे एक मोठं कारण. त्यामुळे एखादं पात्र ‘पुन्हा त्याच अंगाचं’ आलं म्हणून नाक मुरडण्याआधी जरा थांबा. त्या सामायिक अंगाविना ते पात्र आलंच नसतं.

आता दुकानाकडे वळू. माल का दिसत नाही, या प्रश्नावर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: स्कॅल्पर. म्हणजे पहाटे दुकान उघडताच सगळं उचलून दुप्पट भावाने विकणारे. ते आहेत, आणि त्यांच्याविषयी मला काडीचं प्रेम नाही. पण एकदा त्यांचा हिशेब करून बघा. वीस डॉलरची फिगर पस्तीसला विकली. ईबेसारख्या ठिकाणी सुमारे १३ टक्के कापले जातात, म्हणजे साडेचार डॉलर. खोकं आणि टपालखर्चाचे आणखी पाच-सहा. हातात पाच डॉलरही नीट उरत नाहीत, आणि त्यासाठी चार दुकानं पालथी घालायची. असा धंदा टिकतो तो माल मुळातच कमी आला असेल तेव्हाच. मग कमी का येतो, ते पाहू.

दुकानात फिगर्स सुट्या येत नाहीत, केसमध्ये, म्हणजे कंपनीनेच भरलेल्या मोठ्या खोक्यात येतात. समजा एका केसमध्ये आठ नग. त्यात लोकप्रिय नायक तीन, खलनायक दोन, कोणालाही नको असलेला तिसरा कोणी दोन, आणि सगळ्यांना हवं असलेलं नवं पात्र एक. ते एक पहिल्या तासात जातं. नायक-खलनायक आठवडाभरात. तिसरा कोणी लटकलेलाच. अशा मालाला तिकडे ‘पेगवॉर्मर’ म्हणतात, म्हणजे दुकानात पाकिटं लटकवायचा आकडा ऊबदार ठेवणारा. खरी मेख पुढे आहे. एका केसमधल्या सगळ्या पात्रांचा दुकानाच्या संगणकातला क्रमांक बहुधा एकच असतो. संगणकाला पात्र दिसत नाही, नग दिसतात. आकड्यावर सहा ‘तिसरे कोणी’ लटकत असले की तो म्हणतो, माल शिल्लक आहे, नवी मागणी कशाला? पुढची खेप गोदामात पडून, आकडा भरलेला, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत. या कोंडीत स्कॅल्परचा हात कुठेच नाही. दर पात्राचा वेगळा केस काढला की ती बरीचशी सुटते. पण मग नको असलेलं पात्र कोणीच मागवत नाही, आणि त्याच्या साच्याचे पैसे बुडतात. म्हणून कंपन्या मिश्र केस सोडत नाहीत.

दुसरं कारण, एक्सक्लुझिव्ह. अमुक फिगर अमुक दुकानातच. लोक याला आजकालचं थेर समजतात. पण १९७८मध्येच सीअर्स या साखळी दुकानाने स्टार वॉर्सचा कँटिना अ‍ॅडव्हेंचर सेट विकला, त्यात निळ्या पोशाखातला उंच स्नॅगलटूथ हे पात्र होतं. केनरकडे त्या पात्राचं पूर्ण चित्रच नव्हतं म्हणून उंची आणि रंग दोन्ही चुकले. सुटा स्नॅगलटूथ निघाला तो बुटका आणि लाल, आणि निळा फक्त सीअर्सच्या गिऱ्हाइकांकडे राहिला. २०१८मध्ये मेगो पुन्हा सुरू झाली ती टार्गेट या साखळी दुकानात, ओरिजिन्स सुरू झाली ती वॉलमार्टमध्ये. कंपनीचा यात फायदा असा, की दुकान ठरावीक मोठी खेप उचलण्याची हमी देतं. साच्याचा भागाकार आठवा. टॉइज आर असने २०१८मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद केल्यावर तर फक्त खेळण्यांना वाहिलेलं मोठं साखळी दुकान तिथे उरलंच नाही. जी साखळी साबण आणि टीव्हीसुद्धा विकते, ती रेट्रो फिगर्सना किती हात भिंत देणार?

म्हणून सगळं प्री-ऑर्डरकडे सरकलं. याचाही मूळ पुरुष केनरच. १९७७च्या नाताळाला फिगर्स तयार नव्हत्या, तेव्हा त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं: आत एक प्रमाणपत्र, ते पाठवलं की पुढच्या वर्षी चार फिगर्स टपालाने घरी. त्या वेळी हसं झालं, पण चाललं. २०१८मध्ये हॅस्ब्रोने स्टार वॉर्समधल्या जबा या खलनायकाच्या जहाजासाठी हेच पद्धतशीर केलं. किंमत ४९९ डॉलर ९९ सेंट, निदान ५,००० गिऱ्हाइकांनी आधी नाव नोंदवलं तरच बनवणार. ८,८१० जणांनी नोंदवलं. यात धोका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर जातो हे खरं. पण भागाकाराचा खालचा आकडा आधीच कळतो, आणि पेगवॉर्मर उरत नाही.

२०२५च्या आयातशुल्काचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत विकली जाणारी जवळपास ८० टक्के खेळणी चीनमध्ये बनतात. एप्रिलमध्ये चिनी मालावरचं नवं शुल्क १४५ टक्क्यांवर गेलं, मेच्या मध्यात ३० टक्क्यांवर आलं. ३० टक्के ऐकून वीसची फिगर सव्वीसला होईल असं वाटतं. तसं नसतं. शुल्क आयातीच्या भावावर लागतं, दुकानातल्या नाही. फिगर बंदरात सहा डॉलरला उतरली तर शुल्क एक डॉलर ऐंशी सेंट. पण किमती जिन्याच्या पायऱ्यांवर उभ्या असतात: दहा, पंधरा, वीस, पंचवीस. एकवीस ऐंशी अशी पाटी कोणी लावत नाही. कंपनी एक तर पोटातून सोसते, नाहीतर पुढची पायरी चढते, आणि एकदा चढलेली पायरी कोणी उतरत नाही. उतरायचं कारणही नाही: सर्काना या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत स्वतःसाठी खेळणी घेणाऱ्या अठरा वर्षांवरच्या ग्राहकांनी खरेदीत शाळेआधीच्या वयाच्या मुलांच्या गटालाही मागे टाकलं. खाऊच्या पैशांतून घेणारं मूल पायरीवर अडतं, पगारदार माणूस कुरकुरत का होईना चढतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. केनरच्या स्टार वॉर्स मालिकेची अखेरची खेप १९८५ची. तिच्यातली याकफेस ही फिगर अमेरिकेच्या दुकानांत पोचलीच नाही. तिथल्या साखळ्यांनी तोवर मागणी थांबवली होती, आणि ती कॅनडा-युरोपात विकली गेली. आज ती केनरच्या महागड्या फिगर्समध्ये मोडते. मालिका संपत आली की दुकानं हात आखडता घेतात, नग कमी निघतात, आणि नेमकी तीच पात्रं पुढे हाती लागत नाहीत. पहिल्या खेपेतला नायक सवलतीत मिळेल, त्याच्यासाठी धावू नका. एकच प्री-ऑर्डर करायची असेल तर ती शेवटच्या खेपेची करा. ती शेवटची आहे हे कंपनी आधी सहसा सांगत नाही, पण लक्षणं दिसतात: नव्या साच्यांऐवजी जुनीच पात्रं नव्या रंगात येऊ लागतात, साखळी दुकानांतून नावं गळतात आणि फक्त कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उरतात, आणि ज्या आकड्यांवर कालपर्यंत ही मालिका होती, त्यांतले दोन-तीन दुसऱ्याच कोणाच्या मालाने भरलेले असतात.