सोळा नंबरचा क्वार्टरबॅक
(कोलंबस, ओहायो इथल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला या शहरात आलो, तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लेन अव्हेन्यूच्या मागच्या एका जुन्या घरात आम्ही चौघं राहायचो. एक सांगलीचा, एक हैदराबादचा, एक तैवानचा आणि मी. पहिल्याच शनिवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर अख्खा रस्ता लाल शर्टांनी भरलेला. आजोबा लाल, नात लाल, कुत्र्याच्या गळ्यातला रुमालही लाल. त्याच वर्षी जानेवारीत इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं आणि गाव अजून त्याच धुंदीत होतं. आम्हाला मात्र कोण कोणाला का ढकलतंय हेही समजत नव्हतं.

समजलं ते एका गेममुळे. सांगलीकराने कुणाकडून तरी वापरलेला प्लेस्टेशन टू घेतला होता आणि त्याच्यासोबत 'एनसीएए फुटबॉल २००४' ची डिस्क आली. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही गेलात तर चेंडू समोरच्याच्या हातात, हे मी त्या पडद्यावर हरून हरून शिकलो. नोव्हेंबरच्या शेवटी कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनशी सामना असतो आणि त्या आठवड्यात या गावात लोक 'एम' हे अक्षर लिहायचंसुद्धा टाळतात, हेही त्यामुळेच कळलं. परक्या देशात शेजाऱ्याशी बोलायला पहिला विषय मला या गेमने दिला. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायला उभा आहे. ही मालिका मेली कशी आणि अकरा वर्षांनी परत आली कशी, हे मला सांगायचंय.

भारतातून भेटीला आलेले आई-बाबा इथे पुष्कळ दिसतायत, त्यांच्यासाठी एक खुलासा. कॉलेज फुटबॉल म्हटल्यावर पुण्या-मुंबईतल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांपुढे आणू नका. इथल्या ओहायो स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात, वानखेडेच्या तिपटीने. खेळणारी मुलं एकोणीस-वीस वर्षांची, विद्यापीठाची विद्यार्थी. टीव्हीचे हक्क, तिकिटं, जर्सी यांतून येणारा पैसा अफाट, आणि कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे तिथल्या सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक. मुलांना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची मुभा नव्हती.

आता त्या डिस्ककडे येतो. ओहायो स्टेटचा संघ निवडला की यादीत पहिला यायचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि संघाच्या चाली चालवणारा खेळाडू. नाव नाही, फक्त 'क्यूबी, सोळा नंबर'. त्या वर्षी सोळा नंबरची जर्सी घालायचा क्रेग क्रेंझेल, विजेतेपदाच्या सामन्यातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. शिकत होता मॉलिक्युलर जेनेटिक्स! आम्हा विज्ञानाच्या पोरांना त्याचं भारी कौतुक. गेममधल्या सोळा नंबरची अंगकाठी त्याची, वर्ष त्याचं, खेळायची ढब त्याची. नाव तेवढं गाळलेलं. सांगलीकर म्हणाला, "अरे, हे तर सरळसरळ तोच आहे!" मग एका शुक्रवारी रात्री आम्ही संघाची यादी समोर ठेवून, कन्सोलवर एकेक अक्षर निवडत सगळ्यांची नावं भरली. रात्रीचा दीड वाजला. अमेरिकेतल्या हजारो घरांत लोक तेच करत होते. मुलांची नावं मुद्दाम का गाळली असतील, हा प्रश्न त्या रात्री आम्हा चौघांपैकी एकालाही पडला नाही. त्याचं मला आज वाईट वाटतं.

कारण असं होतं. कॉलेज खेळांवर हुकूमत असलेल्या एनसीएए या संस्थेचा नियम होता की खेळाडू हौशी असला पाहिजे, त्याचं नाव वा चेहरा वापरून कुणी माल विकता कामा नये. पण मालाला मागणी होती. १९९३ मध्ये 'बिल वॉल्श कॉलेज फुटबॉल' पासून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी हे गेम काढत होती आणि विद्यापीठांना त्याचे लायसन्सचे पैसे मिळत होते. मुलांचं नाव काढलं की नियम पाळला गेला, असा तो हिशोब होता.

हौशीपणाची ही भाषा आली कुठून, तेही ऐका. 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द १९५० च्या दशकात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी रूढ केला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार बसला आणि तो गेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा नोकर नव्हे, विद्यार्थी आहे, या भूमिकेमागे अशा दाव्यांची भीती होती. पुढे म्हातारपणी बायर्स स्वतःच या व्यवस्थेचे कडवे टीकाकार झाले.

२००९ मध्ये दोन माणसं उठली. पहिला सॅम केलर, ॲरिझोना स्टेट आणि नेब्रास्काचा माजी क्वार्टरबॅक. त्याच्या खटल्यातला अपील न्यायालयाचा २०१३ चा निकाल मी वाचलाय. न्यायाधीशांनी बारकाईने मोजणी केली आहे. ॲरिझोना स्टेटचा गेममधला क्वार्टरबॅक नऊ नंबरची जर्सी घालतो, केलरही नऊ. उंची तीच, वजन तेच, त्वचेचा आणि केसांचा रंग तोच, चेंडू फेकायचा हात तोच, गृहराज्य तेच, हेल्मेटला काच लावायची आवडसुद्धा तीच. गेम ही कलाकृती आहे आणि आम्हाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाच्या बहुमताने तो मानला नाही. ज्या कामामुळे हा मुलगा ओळखला जातो, नेमकं तेच काम तुम्ही त्याच्या पुतळ्याकडून करून घेताय, असा त्या निकालाचा आशय.

दुसरा एड ओ'बॅनन. तो बास्केटबॉलचा. १९९५ मध्ये यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा. २००९ पर्यंत तो लास वेगासमध्ये गाड्यांच्या शोरूममध्ये काम करत होता. मित्राच्या घरी गेला असता मित्राच्या मुलाने त्याला एक गेम दाखवला. पडद्यावर १९९५ चा यूसीएलए संघ आणि त्यात एकतीस नंबरचा डावखुरा खेळाडू. तो स्वतःच! आधी त्याला आनंद झाला. मग मित्राने लक्षात आणून दिलं की गेमचे पैसे आम्ही मोजले, तुला त्यातला छदामही मिळाला नाही. तिथून तो खटल्यापर्यंत गेला. न्यायमूर्ती क्लॉडिया विल्केन यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये एनसीएएच्या विरोधात निकाल दिला.

पण तोवर मालिका संपली होती. जुलै २०१३ मध्ये 'एनसीएए फुटबॉल १४' आला आणि त्याच महिन्यात एनसीएएने कंपनीशी करार पुढे न चालवण्याचं जाहीर केलं. मोठ्या परिषदांनीही, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांनीही, बोधचिन्हं द्यायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये कंपनीने पुढचा गेम येणार नाही असं सांगितलं आणि तिने व विद्यापीठांची लायसन्स सांभाळणाऱ्या कंपनीने मिळून ४ कोटी डॉलरची तडजोड केली. पुढच्या वर्षी एनसीएएने २ कोटी दिले. गेममध्ये न विचारता घातलेल्या हजारो मुलांना त्यातून वाटा मिळाला.

पुष्कळ चाहत्यांनी तेव्हा ओ'बॅननला शिव्या घातल्या. "याने आमचा गेम घालवला." अशी वाक्यं मी याच गावात, चांगल्या सुशिक्षित तोंडून ऐकली आहेत आणि ती मला अजून बोचतात. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल विचारणारा माणूस गेम बंद करा असं म्हणत नव्हता. आम्हाला विचारा आणि आमचं आम्हाला द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते देण्यापेक्षा दुकान बंद करणं संस्थांना परवडलं.

मग अकरा वर्षांचा दुष्काळ. 'एनसीएए फुटबॉल १४' च्या वापरलेल्या डिस्क शंभर शंभर डॉलरला जाऊ लागल्या. त्या डिस्कच्या मुखपृष्ठावर मिशिगनचा डेनार्ड रॉबिन्सन होता, आणि कोलंबसमधले कट्टर लोकही मिशिगनवाल्याचं चित्र असलेला तो डबा जिवापाड जपून ठेवायचे! जुने कन्सोल बिघडले की लोक दुरुस्त करून घ्यायचे, टाकायचे नाहीत. काही चाहत्यांनी दरवर्षी नव्या मुलांच्या याद्या फुकट तयार केल्या. 'कॉलेज फुटबॉल रिव्हॅम्प्ड' नावाने तर त्यांनी जुन्या गेमचे गणवेश, मैदानं, सगळं नवं करून टाकलं. कुणी पगार देत नव्हतं, रात्री जागून करायचे. ही मालिका परत आली त्यात या लोकांचा हात आहे असं मी मानतो. मागणी मेलेली नाही हे त्यांनी दाखवून दिलं.

रस्ता मोकळा केला तो मात्र कायद्याने. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूला स्वतःच्या नाव-प्रतिमेतून कमाई करण्यापासून विद्यापीठ अडवू शकत नाही. बाकीची राज्यं मागोमाग आली. २१ जून २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलस्टन या माजी खेळाडूच्या खटल्यात एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. १ जुलैपासून मुलांना नाव, प्रतिमा आणि ओळख यांवर पैसे मिळवायची मुभा मिळाली. गंमत म्हणजे कंपनीने गेम परत आणण्याची घोषणा त्याआधीच, २ फेब्रुवारी २०२१ ला केली होती, आणि तेव्हाचा बेत खऱ्या खेळाडूंशिवायच गेम काढायचा होता. म्हणजे पुन्हा तेच, पुतळे. तेव्हा नोत्र दाम विद्यापीठाने जाहीर केलं की खेळाडूंच्या वाट्याचे नियम ठरेपर्यंत आम्ही यात नाही. इथल्या गावात नोत्र दामचं कौतुक करणं धोक्याचं आहे, तरी करतो. त्या एका गोष्टीत ते बरोबर होते.

शेवटी १९ जुलै २०२४ ला 'कॉलेज फुटबॉल २५' आला. १३४ संघ. ज्याने होकार दिला त्याला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. ११ हजारांहून जास्त मुलांनी होकार दिला. आधीच्या गेमच्या मुखपृष्ठावर कॉलेज संपवून बाहेर पडलेला खेळाडूच असायचा, कारण शिकणारा चालत नसे. या वेळी तिघं शिकणारे होते: कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर, टेक्ससचा क्विन यूअर्स, मिशिगनचा डोनोव्हन एडवर्ड्स. विक्रीच्या रकमेत अमेरिकेतल्या आजवरच्या सगळ्या क्रीडा गेम्सना याने मागे टाकलं.

खेळून पाहिल्यावर मला जाणवलं की करणाऱ्यांनी जीव ओतलाय. परक्या मैदानावर गेलात आणि प्रेक्षक गरजू लागले की पडदा हादरतो, चालीच्या रेषा वाकड्यातिकड्या होतात आणि नवखा क्वार्टरबॅक खरोखर गोंधळतो. आपल्या मैदानावर बँड 'ओहायो' ही अक्षरं काढतो आणि सूसाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा झोकात जाऊन 'आय' वरचा टिंब होतो, ते पाहताना २००३ चा तो लाल रस्ता माझ्या डोळ्यांपुढे आला.

आता पैशाचं बोलायलाच हवं. ११ हजार गुणिले ६०० म्हणजे साधारण ६६ लाख डॉलर. सत्तर डॉलरला विकला जाणारा आणि विक्रीचे उच्चांक मोडणारा गेम, आणि ज्यांच्यावाचून तो उभा राहत नाही त्यांना मिळून एवढेच. मला ही रक्कम तुटपुंजी वाटते. व्यावसायिक फुटबॉलच्या गेमसाठी तिथल्या खेळाडूंची संघटना कंपनीशी घासाघीस करते. कॉलेजच्या मुलांना संघटना नाही, समोर आलेला कागद घ्या नाहीतर सोडा. आपल्यापैकी ज्यांनी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दिवस काढलेत त्यांना आणखी एक गोष्ट कळेल: परदेशातून आलेल्या खेळाडूंना नावावर कमाई करताना आजही व्हिसाचे नियम आडवे येतात.

पण गेममध्ये असण्याबद्दल सगळ्यांना सारखीच रक्कम मिळाली, हे मला मनापासून आवडलं. टीव्हीवरच्या जाहिरातीत झळकणाऱ्याला ६०० आणि चार वर्षांत एकदाही मैदानात न उतरलेल्यालाही ६००. २०२५ च्या जूनमध्ये विद्यापीठांनी खेळाडूंना थेट वाटा द्यायच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. ती देणाऱ्या न्यायाधीश पुन्हा क्लॉडिया विल्केनच. ओ'बॅननचा खटला ऐकलेल्या बाईंनी अकरा वर्षांनी हे कागद सहीला घेतले. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, एका विद्यापीठासाठी मर्यादा ठरली साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. ते सारखे वाटले जाणार नाहीत, फुटबॉलकडे आणि त्यातही मोजक्या नावांकडे जास्त जाणार हे उघड आहे. त्यामुळे ती सरसकट ६०० ची यादी पुढे कदाचित जुन्या काळातली वाटेल.

२०२५ च्या जुलैत 'कॉलेज फुटबॉल २६' आला. मुखपृष्ठावर आपला चार नंबर, जेरेमाया स्मिथ, अलाबामाच्या रायन विल्यम्सबरोबर. माझ्या मुलाने आल्या दिवशी तो लावला. मी म्हटलं, दाखव तुझा स्मिथ. तो म्हणाला, "बाबा, थांबा, आधी हे बघा." आणि त्याने यादी खाली खाली नेली. पहिली फळी गेली, दुसरी गेली. अगदी तळाशी त्याच्या शाळेतला एक मुलगा होता, याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. कॉलेजच्या संघात अजून एकदाही खेळलेला नाही. उंची, वजन, आपल्या गावाचं नाव, आणि त्याच्या वर त्याचं स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट. ते कुणाला भरावं लागलं नव्हतं.

चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही एकवीस गुणांनी पुढे होतो. मुलाने स्मिथला बाहेर काढलं आणि शाळेतल्या त्या मुलाला मैदानात उतरवलं.