डार्क सर्कल्सचं लेझर करताय? आधी विचारा, डोळ्यात शील्ड घालणार का!

नमस्कार मंडळी. लग्नसराई जवळ आली की कमेंट्समध्ये एकच प्रश्न येतो: "डोळ्यांखालची काळी वर्तुळं लेझरनं जातात का?" काहींची बरीच फिकी होतात, काहींवर लेझरचे पैसे वाया जातात. ते भराभर सांगते, कारण मला खरं बोलायचंय ते शील्डबद्दल, म्हणजे लेझर करताना डोळ्याला वाचवणाऱ्या झाकणाबद्दल.

आधी प्रकार ओळखा. खिडकीसमोर आरसा धरा आणि डोळ्याखालची त्वचा बोटानं हलकेच ताणा. रंग तपकिरी आहे आणि ताणूनही तसाच राहतोय, तर ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. निळसर-जांभळा आहे आणि ताणल्यावर जास्त उठून दिसतोय, तर आतल्या रक्तवाहिन्या. चेहरा वर करून उजेडाकडे धरला आणि काळेपणा नाहीसा झाला, तर ती नुसती खळगीची सावली. सावलीवर टोनिंग, म्हणजे रंग फिका करणारं हलकं लेझर, करून काहीही होत नाही, तिथे फिलरचा, म्हणजे खळगी भरणाऱ्या इंजेक्शनचा विचार करतात. बऱ्याच जणांत या तिन्हींची सरमिसळ असते. आणि ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांनो, आधी डोळ्यांची खाज आटोक्यात आणा. चोळत राहिलात तर गेलेला रंग परत येणार.

मेलॅनिनसाठी आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं लेझर वापरतात, १०६४ नॅनोमीटरवर (ही किरणाची तरंगलांबी). त्याच मशीनचा ५३२ चा मोड वरच्या थरातच जास्त शोषला जातो, म्हणून आपल्या रंगाला त्यात भाजण्याचा आणि नंतर आणखी काळं पडण्याचा धोका मोठा. टोनिंगमध्ये त्वचा हलकी गुलाबी झाली की थांबायचं. पांढरी पडली किंवा रक्ताचे बारीक ठिपके उमटले, तर ऊर्जा जास्त झाली.

आता शील्ड. "डोळे मिटलेले असतात ना, मग कशाला?" हे इतक्या जणांनी लिहिलंय की नीट सांगायलाच हवं. पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. १०६४ चा किरण खोल जाण्यासाठीच निवडलेला असतो, तो मिटलेल्या पापणीला जुमानत नाही. बुबुळात मेलॅनिन आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्यामागेही (रेटिना) आहे, आणि हा किरण मेलॅनिनच शोधतो. शिवाय तो डोळ्यांना दिसत नाही आणि पडद्याला इजा होताना दुखत नाही. म्हणजे "लागलं तर मी सांगेन" हा भरवसा इथे चालत नाही.

"पण मला गॉगल लावला होता." बरं. डोळ्याखाली बोट फिरवा, हाडाची कड लागेल. त्या कडेच्या खाली, गालाच्या बाजूला काम असेल तर बाहेरून लावायचा धातूचा गॉगल पुरतो. पण बहुतेकांचा काळेपणा कडेच्या आत, पापणीवरच असतो आणि गॉगल नेमकी तीच जागा झाकतो. मग करणारी व्यक्ती गॉगल जरा वर सरकवते. तो सरकवला की संरक्षण गेलं! असं होताना दिसलं तर तिथेच थांबवा.

कडेच्या आत काम असेल तर शील्ड डोळ्याच्या आतच हवं, कॉन्टॅक्ट लेन्ससारखं बुबुळावर बसणारं. ते धातूचं असावं; प्लॅस्टिकचं लेझरनं तापून वितळू शकतं. तुमच्या लेन्सेस आधी काढायच्या, काजळ-मस्कारा पूर्ण पुसायचा. मग बधिर करणारे थेंब घालतात, शील्डच्या आतल्या बाजूला डोळ्यांचं मलम लावतात, तुम्हाला खाली बघायला सांगून ते वरच्या पापणीखाली सरकवतात आणि मग खालची पापणी त्यावर आणतात. दाब जाणवेल, टोचता कामा नये. टोचलं तर माप चुकलंय किंवा मलम कमी आहे, काढून पुन्हा बसवायला सांगा. प्रत्येक पेशंटसाठी ते निर्जंतुक केलेलं हवं, हे विचारायला संकोच करू नका.

थेंबांचा असर साधारण पाव तास टिकतो. तेवढ्या वेळात डोळा चोळू नका, कारण खरचटलं तरी कळणार नाही. मलमामुळे धूसर दिसतं, म्हणून गाडी दुसऱ्या कुणालातरी चालवू द्या, आणि त्या दिवशी लेन्स नको.

पॅकेजबद्दल एकच. "दर आठवड्याला एक सेशन" असं कुणी विकत असेल तर घेऊ नका. दोन सेशनमध्ये दोन ते चार आठवडे हवेत. घाईनं वारंवार टोनिंग केलं की त्वचेवर पांढरे ठिपके येऊ शकतात, आणि ते घालवणं काळेपणा घालवण्यापेक्षा अवघड. नंतर झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं टिंटेड सनस्क्रीन रोज लावा. झिंकचं डोळ्यांजवळ कमी झोंबतं आणि टिंटमधलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं.

सेशननंतर नजरेसमोर काळा ठिपका तरंगला, प्रकाश सहन होईना किंवा धूसरपणा काही तासांत गेला नाही, तर क्लिनिकला मेसेज करून उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि कोणतं लेझर, किती नॅनोमीटरचं होतं, ते त्यांना सांगा.